पाचवी कुपी घट्ट कुणी केली?

१

सोमवारी सकाळी शिवानी प्रधानने क्योतोतल्या आपल्या प्रयोगशाळेच्या शीतखोलीचं दार उघडलं. तिच्या रॅकमधल्या पाचव्या कुपीवर नाव नव्हतं.

बाकीच्या चार कुप्यांवर तिच्या अक्षरात 'शिवानी १' ते 'शिवानी ४' लिहिलेलं होतं. पाचवीवर लेबल होतं, पण कोरं, आणि जरासं तिरकं चिकटवलेलं. तिनं कुपी उचलली आणि उलटी करून तळ पाहिला. आपल्या कुप्या ओळखू याव्यात म्हणून ती प्रत्येकीच्या तळाला निळ्या नेलपॉलिशचा ठिपका लावत असे. या कुपीला ठिपका नव्हता.

म्हणजे कुणीतरी तिच्या सॅम्पलला हात लावला होता. नुसता हात लावला नव्हता, काच सुद्धा बदलली होती.

गुरुवारी समिती बसणार होती. तिचा प्रकल्प पुढे चालवायचा की मार्चअखेर गुंडाळायचा, हे त्या दिवशी ठरणार होतं. प्रकल्प गुंडाळला तर तिची नोकरीही जाणार होती. आणि दोन महिने राबून बनवलेलं द्रव्य जगात एवढ्या पाचच कुप्यांत उरलं होतं.

"कोण असेल?" ती स्वतःशीच पुटपुटली, आणि मग तिला दिसलं. कुपी अजून तिच्या हातात उलटीच होती. झाकण खाली, तळ वर. आतलं द्रव्य मात्र तळाशीच होतं, वर, टांगल्यासारखं. एक थेंबही खाली आला नव्हता.

तिनं कुपी हलवली, बोटानं टिचकी मारली. काही घडलं नाही. आत काचेसारखा नितळ, घट्ट गोळा होता.

जे तीन वर्षांत तिला एकदाही जमलं नव्हतं, ते शनिवार-रविवारच्या सुट्टीत कुणीतरी गुपचूप करून ठेवलं होतं.

२

दमयंती कर्णिक ही शिवानीची आत्या. पुण्यात एका विमा कंपनीत ती दावे तपासायची. दुकान खरंच जळलं की जाळलं, गोदामात माल होता की रिकामी खोकी होती, हे जागेवर जाऊन ठरवायचं, यात तिची उभी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर ती मुलाकडे, पियुषकडे, जपानमध्येच निशी-कसाईला तीन महिन्यांसाठी आली होती. तिथं नातीला, तन्वीला, शाळेत सोडणं आणि भारतीय दुकानातून कोथिंबीर आणणं एवढंच काम उरल्यानं ती कंटाळून गेली होती. शिवानीचा फोन आला तेव्हा तिनं अर्धंच ऐकून घेतलं आणि क्योतोची शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडली.

"मला आधी हे सांग," संध्याकाळी शिवानीच्या खोलीवर चहाचा कप हातात घेत ती म्हणाली, "चांगलं झालंय तर तू रडतेस कशाला?"

"कारण कसं झालं ते माहीत नाही, आत्या! लेबल कोरं, काच माझी नाही, आत काय घातलंय ठाऊक नाही. अशी कुपी समितीपुढे ठेवली तर मीच काहीतरी लबाडी केली म्हणतील. पुन्हा करून दाखवता आलं तरच ते खरं. आणि करायला चारच कुप्या उरल्यात."

"मशीनवर तपासता येत नाही?"

"रिपोर्ट यायला दोन आठवडे लागतात. गुरुवारपर्यंत नाही येणार."

"बरं. आता ते तुझं द्रव्य काय आहे ते मला समजेल असं सांग."

शिवानीनं डोळे पुसले. "पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी माळ. आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे अशाच लांबलचक माळा. मी एक छोटी माळ घेतली आणि तिच्या एका टोकाला तेलकट शेपूट जोडलं. शेपटाला पाणी आवडत नाही, माळेला आवडतं. पाण्यात टाकलं की शेपटं आत लपतात, माळा बाहेर राहतात, आणि कुणी न सांगता लाखो रेणू मिळून एक तंतू तयार होतो. केसाच्या हजारो पटींनी बारीक."

"पंगतीत कशी, पाटावर बसा म्हणायची वेळच येत नाही, एकाशेजारी एक माणसं आपोआप बसत जातात."

"तसंच! पण माझे तंतू पंगतीत बसत नाहीत, गर्दी करतात. ते एका दिशेनं शेजारी शेजारी बसले तर त्यांचं पारदर्शक जेल होईल. डोळ्याच्या बुबुळावर जखम झाली की त्यावर ते ठेवायचं. पेशी त्या तंतूंच्या वाटेनं जखमेवर पसरतील आणि डाग न राहता जखम भरेल. पण मी क्षार घातला की ते नासल्या दुधासारखं गढूळ होतं, आणि नाही घातला तर पाणीच राहतं."

"तू लॅबमध्ये काय सांगितलंस?"

"आज मीटिंगमध्ये एवढंच म्हटलं की माझी सॅम्पल्स कुणीतरी उघडलीत. घट्ट झाल्याचं कुणालाच सांगितलेलं नाही. सगळे गप्प बसले."

"शाबास!" आत्यानं मांडीवर थाप मारली. "म्हणजे ज्यानं केलं, त्याला वाटतंय आपल्या हातून नुकसान झालं. म्हणून तो लपतोय. आपल्याला गुन्हेगार पकडायचा नाही, उपकारकर्ता पकडायचाय. आणि उपकारकर्ता जास्त अवघड असतो. आण ती कुपी."

तिनं कुपी दिव्याखाली धरली. "लेबल कोरं आहे, पण नवं नाही. कडा उचलून पुन्हा दाबल्यात. तू कुठल्या पेनानं लिहितेस?"

"ते इथं मिळतं ना, घासलं की पुसलं जातं ते. चुकलं तर बरं पडतं म्हणून."

आत्या एकदम हसायला लागली. "अगं, गेल्या महिन्यात तन्वीनं गृहपाठाची वही हीटरवर ठेवली. सगळा गृहपाठ गायब! पोरगी हमसून हमसून रडत होती. तिच्या आईनं वही उचलली आणि फ्रीझरमध्ये ठेवली, मटारच्या पाकिटाशेजारी. तासाभरानं सगळी अक्षरं परत. तन्वी म्हणते, 'सुगोई!' म्हणजे भारीच! ती शाई उष्णतेनं जाते आणि गारठ्यानं परत येते."

शिवानी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं लेबल अलगद सोलून काढलं, दोघी तडक लॅबमध्ये गेल्या आणि तिनं ते खोल फ्रीझरमध्ये ठेवलं. थोड्या वेळानं दार उघडलं तर त्या कोऱ्या पट्टीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'शिवानी ५'.

"म्हणजे द्रव्य तुझंच," आत्या म्हणाली. "लेबलही तुझंच. फक्त काच दुसरी. आणि ही कुपी कुणीतरी चांगली चटका बसेल इतकी गरम केली होती. गरम कधी केली असेल?"

"शुक्रवारी रात्री मी पाहिली तेव्हा ठीक होती. शनिवारी तर..." शिवानी थबकली. "आत्या, शनिवारी इथं काहीच गरम करता येणं शक्य नव्हतं. दिवसभर इमारतीत वीजच नव्हती!"

३

वर्षातून एकदा इमारतीची वीज दिवसभर बंद ठेवून तपासणी होते. त्या दिवशी शीतखोलीतली सॅम्पल्स थर्मोकोलच्या पेट्यांत भरून, वर सुका बर्फ, म्हणजे ड्राय आइस, घालून चहाच्या खोलीत ठेवली होती, कारण तिथल्या खिडक्यांतून उजेड येतो. संध्याकाळी वीज आल्यावर सगळं परत जागेवर गेलं. शिवानी त्या दिवशी समितीसाठी कागद तयार करत घरी बसली होती.

"रविवारी इमारतीला कुलूप होतं," ती म्हणाली. "म्हणजे शनिवारच."

"मग शनिवारी तिथं असलेल्या माणसांशी बोलू. आणि हे बघ, मी कुणाला 'तू केलंस का' असं विचारणार नाही. विमा कंपनीतला माझा एकच मंत्र होता. माणूस काय केलं ते लपवतो, पण आपलं काय गेलं ते सांगितल्याशिवाय त्याला राहवत नाही. ज्याचं जे गेलं ते ऐकायचं आणि बेरीज करायची."

मंगळवारी सकाळी पहिली गाठ पडली अद्वय गोगटेची. अद्वय ठाण्याचा, डॉक्टरेट करणारा, कायम भुकेला. शिवानीला ताई म्हणायचा.

"काकू, तुम्ही डबा आणलाय का?" त्याचा पहिला प्रश्न.

आत्यानं धपाट्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "शनिवारी उपास घडला वाटतं?"

"जवळजवळ! वीज नाही म्हणून मी घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी आणलं होतं, कप नूडल्ससाठी. सकाळी काठोकाठ भरलेला थर्मास, दुपारी बघतो तर अर्धा! नूडल्स पुरत्या भिजल्याच नाहीत, करकर चावत खाल्ल्या. कुरोदा-सानना विचारलं तर म्हणाले, मी नाही घेतलं."

"तिथं तुम्ही दोघंच होतात?"

"दिवसभर आम्हीच. मधे ओनिशी सेन्सेई, आमचे मुख्य प्राध्यापक, येऊन गेले, आम्हाला मोची वाटली, तांदळाची मिठाई असते ती. ऑफिसच्या मोरिता-सान संध्याकाळी दिवे बघायला आल्या. आम्ही दोघं मधे बराच वेळ खाली होतो, द्रव नायट्रोजनच्या टाक्या हलवायला."

"सुका बर्फ कुणी भरला?"

"मी," अद्वय म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. "का? जास्त झाला का? ताईच्या पेटीत एक तुकडा मोठा होता खरा."

आत्यानं त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि अजून एक धपाटं दिलं.

कुरोदा-सान, म्हणजे आपल्याकडे म्हणतात तसे कुरोदाजी, हे सहायक प्राध्यापक. ते स्वतः दुसऱ्या एका पेप्टाइडवर काम करत, आणि गुरुवारच्या समितीपुढे त्यांचाही प्रकल्प होता. पैसा एकालाच मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. उंच, सडपातळ आणि कधीही न हसणारा माणूस. ते हळूहळू, शब्द निवडत इंग्रजी बोलले.

"मला कळतं की संशय माझ्यावर आहे. प्रधान-सानच्या कुप्यांना मी हात लावलेला नाही."

"मी संशय घेत नाही," आत्या म्हणाली. "तुमचं शनिवारी काही नुकसान झालं का, एवढंच विचारते."

कुरोदा-सान जरा गोंधळले. मग त्यांच्या कपाळावर बारीक आठी पडली. "आता विचारलंत म्हणून सांगतो. चहाच्या खोलीत माझी पाण्याची बाटली होती. न उघडलेली. परत आलो तर झाकण उघडलेलं आणि थोडं पाणी कमी. पाण्यासाठी तक्रार करणं मला शोभलं नसतं, म्हणून मी बोललो नाही."

"बाटलीवर तुमचं नाव?"

"बाटलीवर काहीच नव्हतं. मी विकत आणल्याबरोबर वेष्टन सोलून टाकतो. ते प्लॅस्टिकच्या कचऱ्यात जातं, बाटली वेगळ्या कचऱ्यात. मोरिता-सान फार कडक आहेत."

बाहेर आल्यावर शिवानी वैतागली. "गरम पाणी, गार पाणी! आत्या, यातून काय निघणार?"

"अजून एकीचं गाऱ्हाणं ऐकायचंय," आत्या म्हणाली.

मोरिता-सान ऑफिसचं सगळं बघत. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांचं बोलणं शिवानीनं मराठीत सांगितलं.

"त्या म्हणतायत, नुकसान नाही, पण राग आलाय. काच फुटली की कळवायचा नियम आहे. फुटक्या काचेच्या डब्यात शनिवारी कुणीतरी पुडी टाकली आणि सांगितलं नाही. बांधली मात्र व्यवस्थित आहे म्हणतात."

"डबा रिकामा केला का?"

"नाही. फुटकी काच महिन्यातून एकदाच नेतात."

आत्या उठून उभी राहिली. मोरिता-साननी हातमोजे घातले, डबा उघडला आणि वर्तमानपत्राची एक घट्ट बांधलेली पुडी टेबलावर ठेवली. घडी सोडली तर आत बारीक काचेचे तुकडे होते. त्यातल्या गोल तुकड्यावर एक निळा ठिपका चमकत होता.

४

"फुटली!" शिवानी कुजबुजली. "माझी कुपी फुटली होती."

आत्या काच बघतच नव्हती. ती पुडीचा कागद सपाट करत होती. कागदावर बाहेरून काळ्या शाईत दोन मोठी अक्षरं काढलेली होती.

"हे काय लिहिलंय?"

"'धोका'. फुटकी काच टाकताना कचरा उचलणाऱ्यांना लागू नये म्हणून लिहायची पद्धत आहे."

"पेनानं नाही लिहिलेलं."

"ब्रशपेन आहे. कुंचल्यासारखं टोक असतं त्याला."

"मला जपानी वाचता येत नाही हे एका परीनं बरं," आत्या म्हणाली. "तू अक्षर वाचून मोकळी होतेस. मला नुसती आकृती दिसते. ही शेवटची रेघ बघ, खाली येऊन शेपटीसारखी वर उडालीये. अशीच्या अशी रेघ मी सकाळपासून तीनदा पाहिलीये. चल."

ती शिवानीला शीतखोलीच्या दारापाशी घेऊन गेली. दारावर चौकटीत लावलेली एक पाटी होती. त्यावर ब्रशनं लिहिलं होतं : दुसऱ्याच्या सॅम्पलला हात लावणं म्हणजे धोका. त्यातली 'धोका' ही दोन अक्षरं आणि पुडीवरची दोन अक्षरं एकाच हाताची होती. रेघेची शेपटी जशीच्या तशी.

शिवानीनं तोंडावर हात धरला.

"पाटी कुणी लिहिली?" आत्यानं विचारलं, जरी तिला उत्तर दिसत होतं.

"सेन्सेईंनी," शिवानी म्हणाली. "ओनिशी सेन्सेईंनी स्वतः. आत्या, ते शक्य नाही. ते पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. दुसऱ्याच्या कुपीकडे नुसतं टक लावून पाहिलं तरी ते रागावतात. आणि समितीचे अध्यक्ष तेच आहेत!"

"काल तुम्ही सगळे मीटिंगला होतात, तेव्हा ते काय म्हणाले?"

"काही नाही. खिडकीबाहेर बघत होते. मग जाताना हळूच म्हणाले, प्रधान-सान, एका कुपीनं काही आयुष्य संपत नाही."

ती बोलली आणि तिचे शब्द तिलाच ऐकू आले.

"तू मीटिंगमध्ये काय सांगितलं होतंस?" आत्यानं शांतपणे विचारलं.

"सॅम्पल्स उघडली... एवढंच. एकच कुपी, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

५

ओनिशी सेन्सेई खोलीत एकटेच होते. गोल चेहरा, तुळतुळीत टक्कल, जाड चष्मा. आत्यानं काचेची पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग शिवानीकडे पाहिलं, खुर्चीतून उठले आणि कमरेत वाकून उभे राहिले. इतके खाली की शिवानी घाबरून म्हणाली, "सेन्सेई, प्लीज, बसा ना!"

"शनिवारी मी मोची घेऊन आलो," ते इंग्रजीत सांगू लागले. "ती वाटून झाल्यावर दोघं खाली गेले. तुमच्या पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं म्हणून उघडलं, तर पाचवी कुपी सुक्या बर्फाच्या तुकड्याला चिकटून गोठून दगड झालेली. मला वाटलं, संपलं. प्रधान-सानची दोन महिन्यांची मेहनत गेली. टेबलावर थर्मास होता. मगमध्ये गरम पाणी ओतलं आणि कुपी त्यात धरली."

"आणि काच तडकली," शिवानी म्हणाली.

"अर्थात तडकली! पहिल्या वर्षाच्या मुलाला सुद्धा हे माहीत असतं. चाळीस वर्षं मी हेच शिकवतो. पण आतला बर्फाचा गोळा शाबूत होता. तो नव्या कुपीत टाकला, तुमचं लेबल काढून तिला चिकटवलं. मग थर्मासमधलं आणखी पाणी मगमध्ये घातलं, त्यात कुपी ठेवली आणि भोवती माझा मफलर गुंडाळला, म्हणजे सावकाश वितळेल. मी तिथंच बसलो आणि... मला डुलकी लागली."

"किती वेळ?"

"मफलर गार झाला होता, एवढं आठवतं. वर बघितलं तेव्हा लेबल कोरं. मला वाटलं पाण्यानं धुऊन गेलं. मी घाबरलो, प्रधान-सान. या वयात मी घाबरलो. कुपी परत ठेवली आणि पळालो. आणि काल तुम्ही विचारलंत तेव्हा, ती पाटी माझ्याच हातची, तोंड उघडेना. समितीतून मी नाव काढून घेतो. तुमच्या नुकसानाला मीच जबाबदार आहे."

शिवानीनं खिशातून कुपी काढली आणि त्यांच्या डोळ्यांसमोर उलटी केली.

सेन्सेई पुढे झुकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांचं नाक कुपीला लागलं. मग ते जपानीत काहीतरी ओरडले, ते इतकं मोठ्यानं की बाहेरून मोरिता-सान धावत आल्या.

पण शिवानी हसत नव्हती. "सेन्सेई, एवढ्यानं हे होणार नाही. मी दोन वर्षांपूर्वी गरम करून पाहिलंय. तंतू सरळ होतात, पण द्रव पातळच राहतो. त्यांना एकमेकांशी बांधायला क्षार लागतो. आठवून बघा. तुम्ही आत काही घातलंत का?"

"काही नाही. शपथ."

आत्या मधेच म्हणाली, "काच फुटली तेव्हा थोडं सांडलं असेल ना?"

"कडेचं वितळलेलं थोडं सांडलं."

"पण ही कुपी तर बाकीच्या चार कुप्यांइतकीच भरलेली आहे. मी रॅकमध्ये पाहिलं. मग ती भरली कशानं?"

सेन्सेईंचे कान लाल झाले. शिवानीनं त्यांना कधी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं.

"नुसतं पाणी," ते पुटपुटले. "पातळी कमी दिसत होती. म्हणून कुपी गार झाल्यावर थोडंसं पाणी. शुद्ध पाण्याचं मशीन बंद होतं. टेबलावर एक बाटली होती, काही न लिहिलेली. मला वाटलं, कुणीतरी नळाचं भरून ठेवलंय. क्योतोचं पाणी किती मऊ असतं, त्यात क्षार नसल्यासारखेच. थोड्यानं काय बिघडतं, म्हटलं."

आत्यानं शिवानीकडे पाहिलं. शिवानी केव्हाच दाराबाहेर धावली होती.

६

"कुरोदा-सान! तुमचं ते पाणी! कुठलं पाणी आहे ते?"

कुरोदा-सान आपल्या टेबलाशी ताठ उभे राहिले. सेन्सेई, आत्या, मोरिता-सान आणि तोंडात धपाटं धरलेला अद्वय, सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांच्या गालांवर हळूहळू लाली चढली.

"परदेशी आहे," ते म्हणाले. "फार जड पाणी. खडूसारखं लागतं. त्यात कॅल्शियम खूप असतं. मी ते... पोटासाठी घेतो. मला त्रास आहे. कृपया हे सगळीकडे सांगू नका."

"कॅल्शियम!" शिवानीनं दोन्ही हात डोक्यावर नेले. "आत्या, कॅल्शियमला दोन हात असतात असं समज. एका हातानं एक तंतू धरतो, दुसऱ्यानं शेजारचा. मी नेहमी कॅल्शियम आधीच घालायचे, गर्दी असतानाच. मग जो हाताला लागेल त्याला धरून गुंता व्हायचा, गढूळ! आणि सेन्सेईंनी आधी गरम करून सगळ्यांना मोकळं केलं, मफलरमध्ये सावकाश गार करून ओळीत बसवलं, आणि मग..."

"मग हात धरायला लावले," आत्या म्हणाली. "थर्मासमधलं पाणी गेलं, बाटलीतलं पाणी गेलं, एक कुपी गेली. झाली की नाही बेरीज?"

उरलेल्या चार कुप्यांतली एक त्यांनी तिथल्या तिथे घेतली. अद्वयनं पाणी उकळलं. सेन्सेईंनी गळ्यातला मफलर काढून दिला. कुपी गार झाली तशी शिवानीनं काचेच्या कडेनं थेंब थेंब पाणी सोडलं. ते पाणी कुरोदा-साननी स्वतः आणून दिलं होतं, नवी बाटली उघडून. शिवानी त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला माहितीये ना, हे जमलं तर पैसा माझ्या प्रकल्पाला जाईल?"

"माहीत आहे," कुरोदा-सान म्हणाले. "पण मला हे बघायचंय."

बुधवारी सकाळी शीतखोलीपाशी सहा माणसं जमली होती. कुपी उलटी केली. हललं नाही. अद्वयनं मोरिता-सानना उचलूनच घेतलं, आणि त्यांनी त्याला नियम सांगितला नाही.

बुधवारभर शिवानीनं तेच मोजूनमापून केलं. पाण्याच्या बाटलीऐवजी शुद्ध पाण्यात कॅल्शियमचा क्षार, मफलरऐवजी तापमान सावकाश उतरवणारं यंत्र. तिसरी कुपीही घट्ट झाली. आता हे ज्याला हवं त्याला करून पाहता येणार होतं. दोन कुप्या तिनं समितीसमोर करण्यासाठी राखल्या.

गुरुवारी समितीत सहा जण होते. त्यांत मेडिकलच्या नेत्रविभागाच्या प्रमुख बाईही होत्या, आणि त्या फार कमी बोलत. शिवानीनं सुरुवात करण्याआधीच ओनिशी सेन्सेई उभे राहिले आणि घडलेलं सगळं सांगितलं. गोठलेली कुपी, तडकलेली काच, डुलकी, पाणी, आणि तोंड न उघडल्याची शरम, काही गाळलं नाही. आपण अध्यक्षपद सोडत असून मत देणार नाही, हेही सांगितलं. एक वयस्क प्राध्यापक घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे हा अपघात आहे."

"शनिवारी अपघात होता," शिवानी म्हणाली. "आज नाही. मी तुमच्यासमोर करते."

द्रव्य तिनं सकाळीच गरम करून गार करत ठेवलं होतं. तिनं कॅल्शियमचा क्षार सोडला आणि ती बोलत राहिली. तंतूंची छायाचित्रं दाखवली, गवताच्या पेंढीसारखी एका दिशेची. बोलून झालं तेव्हा कुपी नितळ दिसत होती. आत काही बदललं की नाही ते कळत नव्हतं.

"रात्रभर ठेवावं लागत नाही का?" त्या वयस्क प्राध्यापकांनी विचारलं.

"आम्हालाही तसंच वाटत होतं. या प्रमाणात लागू नये असा माझा अंदाज आहे."

"अंदाज," ते म्हणाले.

तेव्हा ओनिशी सेन्सेई खुर्ची घेऊन पुढे आले, समितीकडे तोंड करून बसले आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. "प्रधान-सान," ते म्हणाले, "झाकण काढा आणि माझ्या डोक्यावर धरा."

"सेन्सेई!"

"मला शिक्षा मिळायलाच हवी. पडलं तर पडू दे."

शिवानीनं झाकण काढलं. कुपी त्यांच्या टकलाच्या बरोबर वर नेली, डोळे मिटले आणि उलटी केली.

सेन्सेई भुवया वर करून छताकडे बघायचा प्रयत्न करत होते. मग कुणीतरी हसलं. शिवानीनं डोळे उघडले. टक्कल कोरडं होतं. नेत्रविभागाच्या बाई हसत होत्या. त्या उठून आल्या, शिवानीच्या हातून कुपी घेतली, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि तिच्या आरपार बाहेरच्या झाडाकडे बघत राहिल्या.

"फांद्या स्पष्ट दिसतायत," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पेशी तयार आहेत. सोमवारी येऊ शकाल?"

दमयंतीआत्या बाहेर बस थांब्याच्या बाकावर बसली होती. संध्याकाळच्या शिंकान्सेनचं तिकीट काढलेलं होतं आणि स्टेशनची बस यायची होती. शिवानी कोट न घालता, धापा टाकत येताना दिसली आणि आत्या उभी राहिली.

"अगं, बोल काहीतरी!"

शिवानी हसत होती आणि रडतही होती. शेवटी तिनं तीन बोटं वर केली.

"तीन काय?"

"तीन वर्षं! आत्या, तीन वर्षं दिली! आणि त्यांनी कुरोदा-साननाही यात घेतलंय, अर्धं काम त्यांचं. ते हसले, आत्या. मी स्वतः पाहिलं."

बस येऊन थांबली. दार उघडलं. ड्रायव्हरनं दोघींकडे पाहिलं. एकमेकींना घट्ट धरून उड्या मारणाऱ्या या दोन बायकांना चढायचंय की नाही, त्याला कळेना.

"जाऊ दे ही," आत्या म्हणाली. "मला सगळं पहिल्यापासून सांग. टकलापासून."

दार मिटलं, बस निघून गेली. दोघी बाकावर बसल्या आणि शिवानी सांगू लागली. पुढचीही बस त्यांनी तशीच जाऊ दिली.